मयताचं चित्र काढताना या चुका टाळा

कलाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत अंत्यदर्शनाचं एखादं चित्र हमखास असतं. मनापासून काढलेलं असतं. तरीही भोवती सगळे रडत असताना आजोबा मात्र झोपलेलेच वाटतात.

याचं कारण देहाच्या वजनात आहे. झोपेत स्नायूंत थोडा ताण उरतो, मृत्यूनंतर तोही जातो. जबडा सुटतो, पावलं बाहेर कलतात, खांदे आणि टाचा जमिनीला पूर्ण टेकतात. म्हणून तर आपल्याकडे हनुवटीला फडकं बांधतात, पायांचे अंगठे बांधतात. चित्रात ते बांधलेलं दाखवा.

सगळ्या अंगाला राखाडी रंग फासू नका. रक्त खाली उतरतं, त्यामुळे उताण्या देहाची पाठ जांभळट होते आणि वरचा भाग फिका पडतो. सावळ्या त्वचेवर हा फिकेपणा ओठांत आणि नखांत शोधावा लागतो.

पायांकडून काढलेला मोबाइलचा फोटो जसाच्या तसा उतरवला तर चित्रात पावलंच उरतात. इटालियन चित्रकार मान्तेन्याने 'मृत ख्रिस्त' रंगवताना पावलं मुद्दाम लहान आणि डोकं मोठं ठेवलं, म्हणून नजर चेहऱ्यापर्यंत पोचते.

सगळ्यात मोठी चूक भोवतीच्या माणसांची. सगळ्यांची तोंडं सारखीच वासलेली, सगळ्यांचे हात कपाळावर! यावर अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं पाहावं. तिथलं 'मरणासन्न राजकन्या' हे चित्र या नावाने गाजलं, पण अभ्यासकांच्या मते ती बुद्धाच्या सावत्र भावाची, नंदाची पत्नी सुंदरी आहे. नवरा भिक्खू झाला, त्याचा मुकुट परत आला आणि ती कोसळली. म्हणजे ती मेलेली नाही, तरी इतकी वर्षं पाहणाऱ्यांना तिथे मरण दिसलं. मान ढळलेली, डोळे अर्धवट मिटलेले, मागून एक दासी तिला सावरते आहे. मला यातलं सावरणं फार महत्त्वाचं वाटतं. कोणी तरी तिचा भार पेलतंय, म्हणून तो भार आपल्याला जाणवतो. तुमच्या चित्रातही एकाला तरी काम द्या: डोकं मांडीवर घेणारी सून, चादर सारखी करणारा भाऊ.

कवटी, विझलेली मेणबत्ती हे युरोपातून उसनं आणू नका. तुळशीपत्र, गुलाल आपल्या माणसांना लगेच कळतो.

मांडणीसाठी अजिंठ्याच्याच २६ नंबरच्या लेण्यातलं महापरिनिर्वाण शिल्प पाहा. सुमारे ७ मीटर लांबीचा बुद्ध उजव्या कुशीवर शांत पहुडलेला, खाली शोकाकुल शिष्य, वर आनंदलेले देव. वही घेऊन जा आणि आधी खालची रांग रेखाटा, बुद्ध नंतर. सोमवारी अजिंठा बंद असतं.