भोरड्या आल्यात: ज्वारी कशी राखायची आणि पक्षी कसा जपायचा

ज्वारी चिकात आली की सोलापूर, नगर, बीडकडच्या शेतकऱ्यापुढं भोरड्यांचं नाव काढायची सोय नसते, आणि तो राग खोटा नाहीये, मोठा थवा उतरला की बांधाकडेची तासं बघता बघता मोकळी होतात. पण म्हणून जाळी लावून नाहीतर औषध टाकून त्यांना मारायचं हे मला अजिबात पटत नाही. ज्वारी महिना-दीड महिना राखावी लागते, बाकीचे कितीतरी महिने हा पक्षी आपल्याच रानातले किडे वेचत असतो.

आधी ओळख पक्की करा. साळुंकीएवढा पक्षी, पाठ-पोट गुलाबी, डोकं पंख शेपूट काळं आणि डोक्यावर तुरा. हिवाळ्यात गुलाबी रंग मळका दिसतो आणि पहिल्या वर्षाची पिल्लं तर नुसती मातकट, त्यामुळे एकाच थव्यात दोन-तीन रंग दिसले तरी सगळ्या भोरड्याच. पुस्तकात हिलाच पळसमैना म्हणतात.

हे पाहुणे कझाकस्तान, उझबेकिस्तानकडच्या गवताळ भागातून येतात. तिथं मे-जूनमध्ये दगडांच्या खबदाडीत हजारोंनी घरटी करतात, आणि तीही जिथं टोळ नि नाकतोडे भरपूर तिथंच. चीनच्या शिंजियांगमध्ये तर 1980 च्या दशकापासून लोकांनी मुद्दाम दगड-विटांचे ढीग रचून यांना घरट्यासाठी जागा करून दिली, म्हणजे टोळांवर फवारणी कमी करावी लागते. जुलै-ऑगस्टला पिल्लं उडती झाली की लगेच आपल्याकडं निघतात आणि एप्रिलपर्यंत इथंच, म्हणजे वर्षातला जास्त काळ त्या आपल्याच भरवशावर असतात.

आता राखणीचं. थवा सगळ्यात जोरात खातो ते उजाडल्यावर आणि परत संध्याकाळी, त्यामुळे दिवसभर ओरडून घसा बसवण्यापेक्षा या दोन वेळा माळ्यावर माणूस पाहिजेच. गोफण आवाजासाठी फिरवा, थव्यावर दगड मारायला नको, डबा वाजवला तरी उठतात. चमकी रिबन लावायची तर पीळ देऊन कणसांच्या थोडी वर बांधा, वाऱ्यानं ती चमकते आणि आवाजही करते, पण दोन-चार दिवसांनी जागा बदला नाहीतर पक्षी सरावतात, बुजगावण्याचंही तेच होतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिवारातल्यांनी मिळून साधारण एकाच वेळी पेरा, कारण एकट्याचंच रान लवकर भरलं की सगळा थवा तिथंच येतो आणि त्या एकट्या माणसाचं खरंच नुकसान होतं.

नायलॉनची बारीक जाळी प्लीज नको. त्यात भोरडी अडकतेच, पण उंदीर खाणारं घुबड आणि धामणसुद्धा अडकून मरते. जंगली पक्षी पकडणं-मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाही आहे. एखादा अडकलेला दिसलाच तर ओढू नका, आधी डोक्यावर फडकं टाका, कात्रीनं दोरे कापा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि वनखात्याच्या 1926 या नंबरला फोन करा.

ज्वारी काढून झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलते आणि सगळ्या भोरड्या तिकडं वळतात. मध पिताना तोंडाला पराग माखतात आणि एका झाडाचे दुसऱ्या झाडाला पोचवतात, वड-पिंपळाची फळं खाऊन बियाही लांब टाकतात. म्हणून बांधावरचा पळस सरपणाला तोडू नका, आणि नवीन लावायचा असेल तर पांगारा पावसाळ्यात फांदी लावूनसुद्धा येतो, खर्च जवळपास शून्य. पडीक माळावर तणनाशक मारायचं टाळलंत तर नाकतोडे राहतील, ऑगस्टमध्ये दमून आलेल्या थव्याला पहिलं खाणं तेच असतं.

थवा बघायचा तर सूर्यास्ताआधी अर्धा तास बाभळीच्या बनापाशी, उसाच्या फडापाशी नाहीतर तळ्याकाठच्या पाणकणसापाशी जाऊन थांबा, झोपायला येण्याआधी आकाशात जे वळणं घेत फिरतात ते बघून माणूस बोलायचाच थांबतो. झाडाखाली जाऊ नका, टॉर्च-फ्लॅश मारू नका, फटाके तर नकोच. मोजताना आधी पन्नास पक्षी नीट मोजा, तेवढ्या तुकड्याचा आकार लक्षात ठेवा आणि असे किती तुकडे बसतील ते बघा. आकडा, गाव आणि तारीख ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर टाका. पहिली भोरडी कधी दिसली हे बरेच जण हौसेनं लिहितात पण शेवटची कधी दिसली हे फार कमी जण लिहितात, तेव्हा एप्रिलमधली नोंद विसरू नका.