मायग्रेनमधलं मेंदूचं रसायन मोजायचंय? स्पेक्ट्रोस्कोपीच्या आधीची तयारी

साध्या एमआरआयमध्ये मुख्यतः पाण्याचं चित्र उमटतं. स्पेक्ट्रोस्कोपीत (त्याच मशीनवर मेंदूतली रसायनं मोजण्याची पद्धत) त्या पाण्याचा आवाज दाबून त्यामागची कुजबुज ऐकायची असते. मेंदूत गाबा (चेतापेशींना शांत करणारं रसायन) लिटरमागे साधारण १ ते २ मिलिमोल, आणि पाणी त्याच्या कित्येक हजार पट. मायग्रेनचे रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्यातला फरक आधीच बारीक असतो. त्यात एखाद्याचा उपास, चुकलेला चहा किंवा उद्या उठणारं डोकं मिसळलं, तर नंतर कितीही चांगलं सॉफ्टवेअर वापरलं तरी ते वेगळं काढता येत नाही. म्हणून या कामाची निम्मी तयारी मशीनच्या खोलीबाहेरच होते.

सुरुवात कागदांपासून करा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिकता समितीची मंजुरी हातात हवी आणि संमतिपत्र मराठीत हवं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, आणि या तपासणीतून तुमच्या डोकेदुखीचं वैयक्तिक निदान मिळणार नाही. चित्रात अचानक गाठबीठ दिसली तर ती कोणता रेडिऑलॉजिस्ट पाहणार आणि रुग्णाला कोण सांगणार, हेही आधीच ठरवून ठेवा.

मग डोकेदुखीची डायरी. किमान चार आठवड्यांची हवी, आणि ती रोजच्या रोज भरलेली हवी. आठवून भरलेल्या डायरीवर गट पाडू नयेत. दुखणं कधी सुरू झालं, किती तास राहिलं (उपचाराविना ४ ते ७२ तास हा ठरलेला निकष), एका बाजूला होतं का, उजेड-आवाज सहन होत होता का, डोळ्यांसमोर नागमोडी रेघा आल्या का, कोणती गोळी घेतली, एवढे रकाने पुरतात. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल आणि त्यातले ८ तरी मायग्रेनचे असतील, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर तो दीर्घकालीन मायग्रेन. तो गट वेगळा ठेवा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनच्या झटक्यावरची खास गोळी) १० किंवा जास्त दिवस घेणारेही वेगळे. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट या मायग्रेन रोखण्याच्या औषधांचा गाबाशी थेट संबंध आहे, त्यामुळे ती घेणाऱ्यांना एकतर अभ्यासात घेऊ नका किंवा त्यांचा स्वतंत्र गट करा. मात्र केवळ स्कॅनसाठी कुणाचंही औषध बंद करायला सांगू नका. तो निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा.

तारीख ठरवताना कॅलेंडरासोबत पंचांगही उघडा. आठ तासांहून जास्त पोट रिकामं राहिलं की उपासानंच डोकं दुखू शकतं, त्यामुळे संकष्टी, एकादशी, नवरात्राचे दिवस टाळा. गणेशोत्सवाचे दहा दिवस पुण्यात स्कॅन ठेवूच नयेत: पेठांतले रस्ते बंद, ढोल-ताशा, रात्रीचं जागरण, आणि या तिन्हींची किंमत मायग्रेनवाला मोजतो. बायकांच्या बाबतीत पाळीचा पहिला दिवस नोंदवा. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत मायग्रेनच्या झटक्यांची शक्यता वाढते आणि गाबाही चक्राबरोबर बदलतो. सहाव्या ते अकराव्या दिवसातली वेळ सगळ्यांना दिली तर तुलना नीट होते. चहा बंद करायला सांगणं ही सर्रास होणारी चूक आहे. दिवसाला चार कप पिणाऱ्याचा चहा तोडला की २४ तासांच्या आत त्याचंच डोकं चढू शकतं. नेहमीचा चहा नेहमीच्या वेळी घ्यावा आणि वेळ लिहून ठेवावी, एवढंच सांगा. स्कॅनच्या दोन तास आधी साधं जेवण, आदल्या रात्री पुरेशी झोप.

माणूस येण्याआधी मशीन तपासा. ३ टेस्लाहून (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) कमी ताकदीच्या मशीनवर गाबाच्या मागे लागू नका, १.५ टेस्लावर आलेखातलं त्याचं शिखर क्रिएटिन या दुसऱ्या रसायनाच्या शिखराखाली गाडलं जातं. मेगा-प्रेस हा गाबा वेगळा काढणारा स्कॅनचा क्रम तुमच्या मशीनवर आणि तुमच्या परवान्यात आहे का, हे तंत्रज्ञाकडून स्वतः पडद्यावर पाहून घ्या. फॉस्फरसची मोजणी करायची असेल तर वेगळी कॉइल (डोक्याभोवतीची, संकेत टिपणारी चौकट) आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, तो बऱ्याच ठिकाणी नसतो. दर आठवड्याला फँटम (मशीन तपासण्यासाठीची, ठरलेल्या रसायनांची बाटली) स्कॅन करा: एनएए (एन-असेटिल अ‍ॅस्पार्टेट) १२.५, क्रिएटिन १०, कोलीन ३, मायो-इनोसिटॉल ७.५, ग्लुटामेट १२.५ आणि लॅक्टेट ५ मिलिमोल, फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.२. त्यात बुरशी-जंतू होऊ नयेत म्हणून घालतात ते सोडियम अझाइड विषारी आहे. बाटलीवर ठळक अक्षरांत लिहा आणि ती फुटली तर काय करायचं हेही चिकटवा. फँटम खोलीच्या तापमानाला असतो, त्यामुळे पाण्याचं शिखर ४.७ ऐवजी ४.८ पीपीएमच्या (आलेखावरच्या जागेचं माप) आसपास दिसेल. हा बिघाड नाही.

दाराशी धातूची तपासणी घाईनं उरकू नका. मंगळसूत्र, जोडवी, चमकी लोक स्वतःहून काढतात. राहतात ते अंबाड्यातले आकडे आणि पदराची सेफ्टी पिन. अंबाडा सोडून वेणी एका बाजूला घ्यायला सांगा, कारण अंबाड्यावर डोकं ठेवलं की मान कॉइलमध्ये वाकते, वीस मिनिटांत मानेमागची कळ सुरू होते आणि माणूस हलतो. डोळ्यांचा मेकअप पुसायला लावा, त्यात लोहाचे कण असू शकतात. इअरप्लग घालून वर हेडफोन, आणि खोलीतला उजेड मंद.

क्रमाला फार महत्त्व आहे. आधी १ मिलिमीटरचं टी-वन चित्र (मेंदूची रचना दाखवणारं), मग लगेच गाबा, आणि एफएमआरआय किंवा डिफ्यूजन हे दुसरे स्कॅन असले तर ते सर्वांत शेवटी. त्यांनी मशीनमधली ग्रेडियंट वेटोळी तापतात, मग निवताना फ्रीक्वेन्सी सरकत राहते आणि १.९ पीपीएमवर दिलेला संपादनाचा (गाबा वेगळा काढणारा) पल्स भलतीकडेच बसतो. मोजणीचा चौकोन पश्चकपाल भागात (मेंदूच्या मागच्या टोकाला), ३ × ३ × ३ सेंटिमीटर. तिन्ही प्रतलांत पाहून ठेवा. कवटीला तो चिकटला तर टाळूची चरबी ०.९ ते १.३ पीपीएममध्ये घुसते, आणि लॅक्टेट नेमकं १.३ लाच असतं. मायग्रेनमध्ये लॅक्टेट वाढल्याचे काही निष्कर्ष वाचताना हीच शंका आधी घ्यावी. शिमिंगनंतर (चौकोनातलं चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) पाण्याच्या शिखराची रुंदी १५ हर्ट्‌झच्या आत आली नाही तर चौकोन थोडा सरकवून पुन्हा शिम करा; तसंच पुढे जाऊ नका. टीई (संकेत टिपण्यापर्यंतचा वेळ) ६८, टीआर (एका आवर्तनाचा वेळ) २००० मिलिसेकंद, ३२० आवर्तनं, म्हणजे १० मिनिटं ४० सेकंद. त्याच जागी, तेच शिम ठेवून, पाणी न दाबता आणखी ८ ते १६ आवर्तनं घ्या. ही दोन मिनिटांच्या आतली पायरी विसरली तर पाण्याच्या तुलनेत प्रमाण काढता येत नाही.

टेबलावरच झटका आला तर स्कॅन तिथंच थांबवा. उताण्या स्थितीत, डोक्यावर कॉइल असताना उलटी होणं धोक्याचं आहे: टेबल बाहेर, कॉइल दूर, माणूस कुशीवर. त्याची नेहमीची गोळी सोबत आणायला आधीच सांगितलेलं असावं आणि ती घेऊ द्यावी.

कच्ची फाइल त्याच दिवशी उतरवून घ्या. मशीनची डिस्क भरली की जुना कच्चा डेटा आपोआप पुसला जातो आणि उरलेल्या डायकॉम प्रतिमेवरून फ्रीक्वेन्सीची दुरुस्ती होत नाही. चौकोनात मेंदूचा करडा भाग, पांढरा भाग आणि मेंदूभोवतीचं पाणी किती, हे टी-वनवरून काढून ठेवा.

एक काम मात्र अजून बाकी असतं. हॅम्बुर्गच्या शुल्टे आणि माय यांनी २०१६ मध्ये एकाच रुग्णाचे ३० दिवस रोज स्कॅन करून दाखवलं की झटक्याच्या आदल्या दिवशीच हायपोथॅलॅमसचं (मेंदूच्या तळाचा, भूक-झोप सांभाळणारा भाग) काम बदललेलं असतं. म्हणजे हसत येऊन हसत गेलेल्या माणसाचा स्कॅनही ‘दोन झटक्यांमधला’ असेलच असं नाही. ७२ तास उलटल्यावर फोन करून विचारा, ‘ताई, त्या दिवसानंतर डोकं उठलं का? नेमकं कधी?’ स्कॅनआधीचे आणि नंतरचे ७२-७२ तास कोरडे गेले असतील तरच तो स्पेक्ट्रम त्या गटात टाका. स्कॅननंतर झटका आला असेल तर तास लिहून तो झटक्याआधीच्या गटात जाईल, आणि फोन लागलाच नाही तर कोणत्याच गटात नाही.