सी ड्राइव्ह भरला? लपलेल्या फाइल्स बघा, पण हात जपून लावा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की आपली पहिली धाड फोटोंवर पडते. चवथीचे, जत्रेचे फोटो जड मनाने डिलीट होतात आणि जागा होते चिमूटभर. बरीच जागा न दिसणाऱ्या फोल्डरांनी अडवलेली असते, ती आधी बघून घ्या.

विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, वर ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’ आणि मग ‘हिडन आयटम्स’. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’वर क्लिक केले की ‘हिडन आयटम्स’ची चौकट समोरच असते. आता काही फोल्डर फिकट रंगात दिसू लागतील. सी ड्राइव्हमधल्या ‘युजर्स’मध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात ‘ॲपडेटा’ आहे, तो महत्त्वाचा. ब्राउझर, वर्ड असे बहुतेक प्रोग्राम आपली कॅशे, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेल्या प्रती, इथेच साठवतात. पण तिच्या शेजारीच तुमचे बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्डही असतात. म्हणून ॲपडेटा नुसता बघावा, त्यात शिरून दिसेल ते उडवू नये.

आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि पंचायतीला द्यायचा अर्ज नेमका तेव्हाच अर्धा टाइप झालेला असतो. वर्डने त्याची प्रत राखली असेल तर तीही ॲपडेटातच असते. तेव्हा साफसफाईआधी वर्डमध्ये ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज डॉक्युमेंट’ आणि ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’ असे जाऊन एकदा बघा. सापडलेली फाइल लगेच नाव देऊन सेव्ह करा.

आता सफाई. आधी संगणक रीस्टार्ट करा, कारण नुकत्याच टाकलेल्या प्रोग्रामचे अर्धवट काम कधी कधी टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइल्सच्या, फोल्डरात पडून असते. मग ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’, ‘स्टोरेज’ आणि ‘टेम्पररी फाइल्स’ असे जा. यादी यायला थोडा वेळ लागतो. ‘रिमूव्ह’ दाबण्यापूर्वी ती वरून खालपर्यंत वाचा, कारण तिच्यात ‘डाउनलोड्स’ही असते. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, वीजबिल, मुलांचे निकाल, सगळे तिथेच पडलेले असते. ‘डाउनलोड्स’समोर खूण असेल तर ती काढूनच टाका. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ दिसले तर तो भाग मोठा असतो, पण तो काढला की जुन्या विंडोजवर परत जाता येत नाही.

एवढ्याने भागले नाही तर विंडोजचे बटण धरून ‘आर’ दाबा, टेम्प हा शब्द इंग्रजीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचे चिन्ह देऊन लिहा आणि एंटर मारा. उघडलेल्या फोल्डरातले सगळे निवडून डिलीट करा. ‘फाइल वापरात आहे’ असे म्हटले तर ‘स्किप’ करा, हट्ट नको.

ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबा. क्रोममध्ये फक्त ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’वर खूण ठेवा. कुकीज, म्हणजे साइट्सनी तुमची ओळख ठेवायला साठवलेल्या छोट्या नोंदी, पुसल्या तर सगळीकडे पुन्हा लॉगइन करावे लागेल. कॅशे रोज पुसण्यातही अर्थ नाही, तेच चित्र परत उतरवण्यात तुमचाच डेटा जातो. आणि ‘एका क्लिकमध्ये संगणक सुसाट’ म्हणणारे फुकटचे क्लीनर माझ्या मते टाळलेलेच बरे, वरचे सगळे विंडोज आणि ब्राउझरमधल्याच सोयींनी होते.

‘पेजफाइल’ आणि ‘हायबरफिल’ या दोन अवाढव्य फाइल्स तुम्हाला एरवी दिसणारच नाहीत. त्या विंडोजच्या कामाच्या आहेत, कोणी दाखवल्या तरी सोडून द्या.

पेनड्राइव्हची गोष्ट वेगळी. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणलेला पेनड्राइव्ह घरी रिकामा दिसतो, नाहीतर आत फक्त शॉर्टकट असतात, पण ‘प्रॉपर्टीज’ म्हणते ३ जीबी भरलेले आहेत. फाइल्स बहुधा गेलेल्या नसतात, व्हायरसने लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका. पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून विंडोजच्याच डिफेंडरने स्कॅन करा. मग ‘फोल्डर ऑप्शन्स’मधल्या ‘व्ह्यू’त ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’ची खूण तेवढ्यापुरती काढा. मूळ फोल्डर दिसला की आतल्या ओळखीच्या फाइल्स संगणकावर नव्या फोल्डरात कॉपी करा. त्या उघडतात याची खात्री झाली की पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि काढलेली खूण परत लावा.