स्क्वॉट-डेडलिफ्टला बूट घालावेत की काढावेत? पायांच्या या चुका टाळा

जिममध्ये सकाळच्या बॅचला कोणी आत आलं की मी आधी त्याचे पाय बघतो, चेहरा नंतर. बार खांद्यावर जायच्या आधीच सेट कसा जाणार हे बुटांवरून निम्मं कळतं. हल्ली रोज एकजण तरी मोबाईल पुढं करून विचारतो, "सर, अनवाणी मारलं की ताकद जास्त लावता येते ना?" बॉडीबिल्डर अर्नोल्ड श्वार्झनेगरचे १९७० च्या दशकातले अनवाणी व्यायामाचे फोटो त्यानं पाहिलेले असतात. त्या मांड्या काही बूट काढल्यामुळं आलेल्या नाहीत, पण हे ऐकायच्या मनःस्थितीत तो नसतो. त्याचा एक बूट तोवर निघालेला असतो.

पळायच्या बुटात स्क्वॉट

माझ्याकडं पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं बरीच येतात. पहाटे मैदानावर १६०० मीटरचा सराव करायचा आणि तेच बूट, तीच माती घेऊन थेट रॅकखाली. त्यातल्या एकाचा उजवा गुडघा ८० किलोच्या स्क्वॉटला, म्हणजे पाठीवर बार घेऊन बसता-उठताना, आत यायचा. "गुडघा बाहेर ढकल" असं मी त्याला तीन आठवडे ओरडून सांगत होतो. तोही बिचारा ढकलत होता. चौथ्या आठवड्यात त्यानं नाडी तुटली म्हणून बूट काढला आणि काउंटरवर ठेवला. मागून बघितलं तर टाच चक्क आतल्या बाजूला कललेली. आतला फोम पार बसलेला, अंगठ्यानं दाबला की खड्डा पडत होता. त्याला अनवाणी उभं केलं, रिकामा २० किलोचा बार दिला. गुडघा सरळ. हळूहळू वेट चढवत ८० वर आणलं, तरी सरळ. तीन आठवडे मी पोराला बोल लावत होतो आणि दोष बुटाचा होता. त्या दिवशी त्याला चहा मी पाजला.

पळायच्या बुटातला फोम हादरा गिळण्यासाठी असतो. पळताना ते हवंच. पण पाठीवर बार असताना तुम्ही जमिनीला जो रेटा देता, तोही तो गिळतो. वर एका बाजूला जास्त दबतो, एका बाजूला कमी. गादीवर उभं राहून माळ्यावरचा भरलेला डबा काढायला गेलात तर घरात कोणीतरी ओरडेलच ना? इथं डबा १०० किलोचा आहे आणि ओरडायला कोणी नाही, एवढाच फरक.

माझी परीक्षा साधी आहे. बूट टेबलावर ठेवा, मागून बघा, मग टाचेखालचा भाग अंगठ्यानं जोरात दाबा. दबला, तर तो बूट मैदानासाठी. वेटसाठी शाळेतल्या पीटीचे पांढरे कॅनव्हास बूट मला अजूनही आवडतात. तळ सपाट, पातळ, कडक. महागड्या बुटांचा फोटो दाखवून "सर, हे कसे?" विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो आणि त्यांचा चेहरा पडतो.

डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहायला, हिशोब अजून सोपा आहे. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर. तो तिथून हलत नाही. तुम्ही तीन सेंटिमीटर जाड तळाचा बूट घातलात की आधी पाटावर चढायचं आणि मग तेवढंच जास्त वाकायचं. डेडलिफ्टला अनवाणी किंवा पातळ तळ बरा, हे मी मान्य करतो. आता त्या "अनवाणी"चं पुढं काय होतं ते ऐका.

नुसते मोजे

ही चूक माझी स्वतःची. तेव्हा मी नवा होतो, रबर मॅट फक्त रॅकपुरती असायची, बाकी सगळी गुळगुळीत फरशी. बूट काढायचे हे वाचलेलं होतं, मोजे काढायचा कंटाळा. पाय फाकवून सुमो डेडलिफ्ट, १४० किलो. बार गुडघ्यापर्यंत आला आणि डावा पाय बाहेर सरकला. फार नाही, चार बोटं. जांघेत काहीतरी कटकन झालं. बार खाली, मी त्याच्या बाजूला. पुढचे सहा आठवडे भारतीय संडासात बसताना एकेक कुलदैवत आठवत होतं.

तेव्हापासून माझा नियम: एक तर तळपाय उघडा, नाहीतर खाली रबर. मधलं काही नाही. त्यातही मॅट कोरडी हवी, कारण घामेजलेला तळपाय मोज्याइतकाच दगा देतो. सेटच्या आधी मी जुन्या टॉवेलवर पाय पुसतो. पोरं हसतात. हसू देत.

पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. तिथं अनवाणी चालत नाही. बूट नाहीतर डेडलिफ्ट स्लिपर लागते, शिवाय डेडलिफ्टला नडगी झाकणारे लांब मोजे. वर्षभर अनवाणी सराव करून आदल्या रात्री स्लिपर शोधत फिरणारे मी पाहिले आहेत. स्पर्धेत जे घालणार त्यातच शेवटचे दोन महिने तरी उचला.

तालमीतली टाच

तालमीतून आलेल्या पोरांचे पाय बघायला मला आवडतं. लाल मातीत वाढलेले, बोटं पंख्यासारखी पसरलेली. पण बैठकीत खाली जाताना टाच उचलून चवड्यावर यायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. बैठकीत ते बरोबरच आहे. पाठीवर बार घेऊन तेच केलं की सगळं वजन पुढं जातं आणि कंबर वाकून ते सावरायला लागते. स्क्वॉटमध्ये टाच, अंगठ्याचा सांधा आणि करंगळीचा सांधा, या तीन जागा जमिनीला चिकटून राहिल्या पाहिजेत.

घोटा आखडलेला असला तरी टाच उचलते. मग कोणीतरी टाचेखाली दोन छोट्या प्लेटा सरकवतो. हा शॉर्टकट मला बघवत नाही. प्लेट सरकते, डुगडुगते, अर्धी टाच बाहेर लोंबकळते. मी सुताराकडून दोन सेंटिमीटरची एक रुंद फळी करून घेतली आहे, दोन्ही टाचा तिच्यावर पूर्ण मावतात. सोबत घोट्याचं काम: भिंतीपासून चार बोटं लांब पाऊल ठेवायचं आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. रोज, दोन्ही पायांनी. यात रील करण्यासारखं काही नसल्यामुळं बहुतेकजण तिसऱ्या दिवशी सोडून देतात.

वेटलिफ्टिंगच्या बुटाची टाच कडक आणि दीड-दोन सेंटिमीटर उंच असते, ती याचसाठी. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं ५५ किलो गटात रौप्य मिळवलं. त्याच्या किंवा मीराबाई चानूच्या स्नॅचचा व्हिडिओ लावा आणि एकदा फक्त पाय बघा. बार डोक्यावर धरून पार तळाला बसायचं आणि छाती ताठ ठेवायची, म्हणून त्यांना ती टाच लागते. तुम्ही अजून मांडी आडवी होईपर्यंत बसत नाही. सहा महिने बसायला शिका, मग बूट घ्या. घेतलेच तर त्यात डेडलिफ्ट करू नका, टाच पुढं लोटते.

बाकीच्या चुका

डायबेटिस असेल तर अनवाणी अजिबात नाही. पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग लागलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. आमच्या बॅचमधल्या एका काकूंनी रील बघून बूट काढले होते. म्हटलं, "काकू, आधी बूट घाला, मग बोलू."

प्लेटा लावताना-काढताना बूट पायातच ठेवा. २० किलोची प्लेट पडली तर कॅनव्हास वाचवणार नाही, पण रोजच्या ठेचा आणि अडीच किलोच्या प्लेटेचा कोपरा तरी चुकतो.

पहिल्याच दिवशी दोरीउड्या, बॉक्स जंप, सगळंच अनवाणी करू नका. महिनाभर फक्त वॉर्मअपचे सेट.

नाडी लोंबत ठेवून स्क्वॉट करणाऱ्याला मी रॅकवरून उतरवतो.

आणि पावसाळा. अनवाणी संडासात जाऊन त्याच ओल्या पायांनी मॅटवर येणारे महाभाग आहेत. जुलैमध्ये निम्म्या बॅचला चिखल्या होतात आणि मग "मॅट खराब आहे" अशी तक्रार माझ्याकडंच येते. यासाठी मी दारात एक निळी स्लिपर ठेवली आहे. दर महिन्याला ती कोणीतरी घालून घरी जातं.