तळ्याकाठी डिस्क फेकताय? आधी टब भरा

डिस्क गोल्फ म्हणजे काय, हे बडोद्यात मला अजून दर वेळी समजावून सांगावं लागतं. गोल्फच, फक्त चेंडूऐवजी डिस्क, म्हणजे प्लास्टिकची चपटी तबकडी, आणि खळग्याऐवजी साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली. ही टोपली एड हेड्रिक यांनी सत्तरच्या दशकात अमेरिकेत काढली. माझी मात्र पाणीगेटच्या एका वेल्डरनं जुन्या सायकलच्या रिमला साखळ्या लावून बनवलीय. "बेन, आ शेनुं छे?" असं त्यानं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी वेगळं उत्तर दिलं.

टोपली पादऱ्याकडे, मैत्रिणीच्या शेतात आहे. मध्ये गावतळ्याचा एक कोपरा येतो. पहिल्याच पावसाळ्यात त्या कोपऱ्यानं माझ्या सहा डिस्क गिळल्या. डिस्क भावाकडून अमेरिकेहून येतात, त्यामुळे सहा म्हणजे थोडं नुकसान नाही.

तर पहिली गोष्ट घरी करायची. पाण्यानं भरलेल्या टबात एकेक डिस्क आडवी न ठेवता उभ्या कडेनं आत ढकला. पालथी ठेवलीत तर खाली हवा अडकते आणि बुडणारीही तरंगतेय असं वाटतं. हात सोडल्यावर खाली गेली तर ती तळ्याकाठी न्यायची नाही. माझा हा कार्यक्रम चालू असताना आई न्हाणीघरात डोकावून म्हणाली, "थाळ्या घासायच्या तर नीट घास ना." नियमाप्रमाणे डिस्कच्या व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे जास्तीत जास्त 8.3 ग्रॅम वजन चालतं. म्हणजे 21.2 सेंटिमीटरची डिस्क 176 ग्रॅमच्या आत. लांब फेकीच्या बऱ्याच डिस्क याच मर्यादेच्या जवळ असतात आणि दगडासारख्या तळाला जातात. त्याच आकाराच्या हलक्या डिस्क कधी कधी तरंगतात, पण ते प्लास्टिकवरही असतं, म्हणून टब. इनोव्हा कंपनीच्या ड्रॅगन आणि हायड्रा तर तरंगाव्यात म्हणूनच बनवलेल्या आहेत. रंगही बघा. निळी, हिरवी आणि काळी डिस्क शेवाळात दोन हातांवरूनही दिसत नाही. नारिंगी किंवा गुलाबी घ्या, आणि आतल्या बाजूला मार्करनं फोन नंबर लिहा.

आता फेक. डिस्क पाण्यात जाते ती बहुतेक वेळा ताकद कमी पडल्यामुळे नाही. पाणी दिसलं की आपण नकळत हात वर उचलतो. डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर होतं, ती हवेत चढते, वेग मरतो आणि डावीकडे कलून सपकन खाली येते. घाबरून उचललेली फेक हमखास बुडते. पंगतीत भरलेलं ताट पुढे सरकवावं तसा हात सपाट ठेवा. उजवा हात छातीसमोरून डावीकडे नेऊन, तिथून ओढून फेकणाऱ्याची डिस्क वेग संपताना डावीकडेच वळते. म्हणून पाणी डाव्या हाताला असेल तर निशाणा टोपलीच्या बराच उजवीकडे, जमिनीवर. पाणी उजवीकडे असेल तर हीच फेक तुमच्या बाजूनं असते.

समोरून वारा आला की मात्र हीच डिस्क वर चढते आणि उजवीकडे वळू लागते. अशा वेळी ती वाट न सोडणारी, जड डिस्क हवी, आणि नेमकी तीच बुडणारी! पाठीमागून वारा असला की ती लवकर खाली बसते. पावसाळ्यातल्या दुपारी मी पाण्यावरून फेकतच नाही, वळसा घालते. एक फेक जास्त लागते, पण पिशवी भरलेली राहते. मैत्रीण मला भित्री म्हणते. तिच्याकडे एकच डिस्क आहे, तीही माझीच.

सामना असेल तर पाणी सहसा हद्दीबाहेर धरतात. एक दंडाची फेक, आणि डिस्क जिथून बाहेर गेली तिथून हद्दीच्या आत एक मीटरपर्यंत सरकून पुढची फेक. मात्र डिस्कचा थोडासा भाग जरी जमिनीवर असला तरी ती आतच असते. आणि पाण्यावर तरंगणारी डिस्क थांबली असंच मानतात. लाट तिला हळूहळू काठाला आणेल म्हणून उभं राहण्यात अर्थ नाही, माझी दहा मिनिटं त्यात गेलीत.

बुडलीच, तर डोळे तिथून हलवू नका. जिथं उभे आहात तिथं चप्पल काढून ठेवा. तरंग उठले त्याच्या बरोबर मागे पलीकडच्या काठावरचं एखादं झाड धरा. चप्पल आणि झाड, या रेषेत शोधायचं. डिस्क पडली तिथंच सरळ खाली जात नाही, पाण्यातही तिरकी घसरते, म्हणून जरा पुढून सुरुवात करा. मी लांब बांबूला दाताळं बांधलंय. ते डिस्कच्या पलीकडे टाकायचं, तळाला टेकू द्यायचं आणि अगदी हळू ओढायचं. घाई केली की गाळ उठतो आणि मग अर्धा तास काहीच दिसत नाही. दाताळ्याचे दात डिस्कच्या कडेला लागले की हाताला गुळगुळीत अडथळा कळतो. दगड खरखरतो, डिस्क खरखरत नाही. चुंबक घेऊन येणारेही भेटलेत मला. प्लास्टिकला?

पाण्यात उतरायचं मात्र नाही, घोट्याएवढंही. आपल्या विश्वामित्रीत मगरी आहेत आणि ऑगस्ट 2024 च्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या, हे बडोदेकराला सांगायला नको. पण गावच्या तळ्यात कुठून येणार, असं मलाही वाटायचं. मी पँट दुमडत होते तेव्हा शेताचा रखवालदार लांबूनच ओरडला, "अंदर ना जता, मगर छे!" दिसली मला कधीच नाही. तरी तेव्हापासून बांबू दोन हात लांब केलाय.

न निघालेल्या डिस्कसाठी मेची वाट बघायची. पाणी उतरतं, काठचा चिखल भेगाळतो. गेल्या मेमध्ये अशा तीन डिस्क गाळातून नुसत्या कडा वर काढून उभ्या होत्या. चौथी रखवालदाराच्या माठावर झाकण म्हणून मिळाली. बरोबर बसली होती, मग मी मागितली नाही.