विझलेली स्कूटर तासाभराने परत पेटली

फायरमनचा सहा महिन्यांचा कोर्स करून पुण्यात कामाला लागलो तेव्हा मला वाटायचं आग ती आग, पाणी मारायचं, विझली की होज गुंडाळून स्टेशनला. आता कोर्सची पोरं विचारतात ईव्हीच्या म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या आगीचं वेगळं काय शिकायचं, म्हणून लिहितोय, मोबाईलवर टाईप करतोय, सांभाळून घ्या.

२०२२ च्या मार्चमध्ये लोहगावला रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटली होती, तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. माझी पहिली ईव्हीची वर्दी, म्हणजे आगीचा कॉल, धायरीच्या एका सोसायटीतली. रात्रीचे साडेअकरा, पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेली स्कूटर, ज्वाळा फार नव्हत्या, सीटखालून पांढरा धूर आणि लाह्या फुटल्यासारखा फट फट आवाज. मी ब्रांच (होजच्या टोकाचा नोझल) घेऊन पुढे, बीए सेटचा (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा) मास्क गळ्यात तसाच, म्हटलं एवढीशी स्कूटर. तांडेल, म्हणजे आमच्या टीमचे सीनियर फायरमन, मागून ओरडले, "मास्क लाव आधी, वाफ नाहीये ती!" दिसतो वाफेसारखाच, पण त्या धुरात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साईड, हायड्रोजन फ्लोराईड असलं सगळं असतं, आणि बंद पार्किंगमध्ये साठला तर एकदम भडका पण होतो.

पाणी मारलं, पाच मिनिटांत शांत. वॉचमनने चहा पण पाजला. स्टेशनला येऊन बूट काढतोय तोवर त्याच पत्त्यावरून परत वर्दी, आणि आता शेजारची पेट्रोलची गाडी पण पेटलेली.

इथेच नवीन माणूस फसतो. लिथियम बॅटरीत एक सेल तापला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा, याला थर्मल रनअवे म्हणतात. काही सेलच्या आतलं मटेरियल तापल्यावर स्वतःच ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे पावडर मारून वरची ज्वाळा गेली तरी आतलं काम चालूच. उपाय एकच, थंड करत राहणं, आणि बॅटरी बंद डब्यात असल्यामुळे निम्मं पाणी वरूनच ओघळून जातं. कारमध्ये तर बॅटरीचा पॅक फ्लोअरखाली. टेस्लाच्या रेस्क्यू गाईडमध्ये एका कारसाठी ११ हजार ते ३० हजार लिटर पाणी सांगितलंय, आणि साध्या वॉटर टेंडरमध्ये (पाण्याच्या बंबात) असतं साधारण साडेचार हजार. त्यामुळे कार म्हटलं की दुसरा टँकर लगेच मागवायचा, पाणी संपत आल्यावर नाही.

पाण्याच्या आधी गाडी ओळखायची. हिरवी नंबरप्लेट म्हणजे इलेक्ट्रिक, पण स्ट्राँग हायब्रिडला (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली गाडी) हिरवी प्लेट नसते आणि हाय व्होल्टेज बॅटरी असते. इंजिनचा आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे असं अजिबात नाही, गाडी हलू नये म्हणून चाकाला आधी उटी (अडसर) लावा, चावी लांब नेऊन ठेवा. नारंगी केबल दिसली की तिथे कटर चालवायचा नाही, कारमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट असतात, काहींत आठशे. मी सुट्टीच्या दिवशी कर्वे रोडला सिग्नलवर उभा राहून समोरची गाडी कुठल्या इंधनाची ते ओळखायचो, बायको म्हणायची वेड लागलंय.

आणि ईव्हीच्या नादात सीएनजी विसरू नका, पुण्यात रिक्षा आणि पीएमपीच्या कितीतरी बस त्यावरच चालतात. सिलिंडरमध्ये भरताना साधारण २०० बार प्रेशर. तापला की सेफ्टी डिव्हाईस उघडून गॅस जोरात बाहेर पडतो आणि पेटतो, तो जेट विझवायचा नाही, जळू द्यायचा, आजूबाजूचं थंड करायचं, नाहीतर न जळलेला गॅस साठून स्फोट. त्या सेफ्टी डिव्हाईसवरच पाणी मारलं तर ते थंड राहून उघडतच नाही आणि सिलिंडर मात्र तापत राहतो, ही चूक मी ड्रिलमध्ये केली आणि इन्स्ट्रक्टरकडून पाच मिनिटं शिव्या खाल्ल्या. हायड्रोजनच्या गाड्या अजून आपल्याकडे तुरळक आहेत, पण त्याची ज्वाळा दिवसा जवळपास दिसत नाही एवढं लक्षात असू द्या.

पुढे शिकायचं असेल तर नागपूरचं नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज आहेच. पण खरं शिक्षण तांडेल लोकांकडे असतं, चहा पिताना विचारा.

तर त्या रात्री दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाणी मारून स्कूटर ओढत बाहेर मोकळ्यावर आणली, बाकी गाड्यांपासून पंधरा मीटर लांब. मग थर्मल कॅमेरा घेऊन बसलो. तीनच्या सुमाराला एका कोपऱ्यात तापमान परत चढायला लागलं, परत पाणी. सहा वाजता सेक्रेटरी काका बनियनवर आले, म्हणाले इन्शुरन्सवाले येईपर्यंत आत ठेवू का, इथे चोरीला जाईल. तांडेल म्हणाले, "काका, चोराला नेऊ दे, पण आत नको."