बॉबी मूर बघून डिफेन्डिंग कसं शिकायचं

स्पीड नाही म्हणून डिफेन्डर होता येणार नाही असं वाटत असेल तर आधी १९७० च्या फुटबॉल वर्ल्ड कपमधली इंग्लंड-ब्राझील मॅच बघा. इंग्लंडचा कॅप्टन आणि डिफेन्डर मूर कधीच फार फास्ट नव्हता. ब्राझीलचा फॉरवर्ड जायरझिन्हो बॉल घेऊन सुसाट अंगावर येतोय आणि हा पठ्ठ्या घाई न करता मागे मागे सरकतोय, नजर फक्त बॉलवर, पेनल्टी बॉक्समध्ये (गोलसमोरच्या चौकोनात) आल्यावर बरोब्बर वेळ साधून पाय घालतो, बॉल काढतो आणि लगेच उठून पुढे निघतो. हा तुकडा स्लो करून परत परत बघा, तो किती उशिरा पाय टाकतो ते कळेल. मॅच इंग्लंड १-० ने हरलं, पण असलं टॅकलिंग मी दुसरं पाहिलं नाही!

मग १९६६ ची फायनल. शेवटचा मिनिट, इंग्लंड ३-२ ने पुढे, दुसरा कोणी बॉल स्टँडमध्ये मारला असता, मूरने मान वर करून स्ट्रायकर हर्स्टला लांब पास दिला, त्याने गोल केला आणि ४-२. म्हणून प्रॅक्टिसमध्ये बॉल यायच्या आधीच आजूबाजूला बघायची सवय लावा, क्लिअरन्स (धोका टाळायला बॉल लांब मारणं) नंतर.